पिशवीचा माग

जर्मनीतल्या ब्रेमेन या बंदरात १८८३ साली जहाजबांधणीच्या एका कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवी टोचल्या. लस माणसाच्या फोडातल्या द्रवापासून, त्यात ग्लिसरीन घालून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत यांतले १९१ जण काविळीने आजारी पडले. ल्युरमान नावाच्या डॉक्टरने १८८५ साली ही हकिकत छापली. विषाणू ही चीज तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. कावीळ म्हटले की खाणेपिणे, हवा, पित्त यांच्याकडे बोट जायचे. ल्युरमानने एक साधे काम केले. ती लस कोणाला टोचली, कोणाला टोचली नाही आणि दोहोंपैकी कोण पिवळे पडले, याचा हिशेब मांडला. नंतर कामावर लागलेल्या, ती लस न घेतलेल्या कामगारांत कावीळ नव्हती. कारण सापडले नाही, पण वाट सापडली.

रक्त आणि रक्तघटकांतून पसरणाऱ्या काविळीवरचे हे पुस्तक वाचताना ल्युरमानची ती यादी माझ्या डोक्यातून जाईना. या विषयात पुढे जे जे कळले, ते बहुतेक सगळे अशाच कोणाच्या तरी चिकाटीमुळे कळले. रक्त देऊन झाल्यावर, रुग्ण घरी गेल्यावर, त्याच्या मागावर राहणारे लोक होते म्हणून कळले. आणि जे कळले नाही, किंवा फार उशिरा कळले, ते माग सोडल्यामुळे. लेखिकेने हे सूत्र शब्दांत कुठे मांडलेले नाही. त्यांचा भर तपासण्या, कायदे आणि रक्तपेढ्यांच्या कारभारावर आहे. तरी त्यांनी जमवलेली सामग्री मला याच दिशेने नेते, आणि प्रस्तावनाकाराला एवढी मोकळीक असावी.

चुकीच्या गटाचे रक्त दिले, तर काही मिनिटांत थंडी भरते, कंबर दुखते, लघवी लाल होते. नर्स धावत येते, पिशवी बंद होते, चौकशी सुरू होते. काविळीचे तसे नाही. हिपॅटायटिस बी शरीरात शिरल्यावर डोळे पिवळे व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि पुष्कळांचे होतच नाहीत. हिपॅटायटिस सीची तऱ्हा आणखी न्यारी. बहुतेकांना सुरुवातीला काहीही होत नाही. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, तेव्हा यकृत आकसलेले सापडते. पोटविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात असा माणूस समोर बसला की विचारावे लागते, “कधी रक्त लावले होते का?” उत्तर ठाम असते : “नाही.” मग शेजारी बसलेली थोरली बहीण म्हणते, “अरे, तुला ट्रकने उडवलं तेव्हा दोन बाटल्या दिल्या होत्या की!” कुठल्या रक्तपेढीच्या, कोणाच्या, कोण सांगणार? ते कागद रद्दीत जाऊनही जमाना लोटलेला असतो.

अमेरिकेत पॉल बीसन या डॉक्टरने १९४३ साली सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. रक्त किंवा प्लाझ्मा घेतल्यानंतर एक ते चार महिन्यांनी सातही जणांना कावीळ झाली होती. सातच रुग्ण, पण रक्ताचा आणि काविळीचा संबंध या छोट्या लेखाने वैद्यकाच्या पटलावर आणला. त्याच सुमारास अमेरिकी सैन्यात दुसरा गोंधळ चालू होता. पीतज्वराची लस टिकावी म्हणून तीत माणसाचा सीरम घातला जात होता, आणि १९४२ मध्ये ती टोचलेले हजारो सैनिक काविळीने अंथरुणाला खिळले. तो हिपॅटायटिस बीच होता हे पक्के झाले ते १९८०च्या दशकात, त्या वेळच्या सैनिकांना शोधून, म्हातारपणी त्यांचे रक्त तपासून. मधे चाळीसएक वर्षे गेली.

युद्धाने आणखी एक गोष्ट शिकवली. आघाडीवर रक्त पोचवणे अवघड, म्हणून शेकडो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून, वाळवून, भुकटीच्या रूपात पाठवला जाई. दुधाच्या टँकरमध्ये एका घरचे नासके दूध पडले की सगळा टँकर नासतो, तोच प्रकार. याच प्लाझ्मापासून एडविन कोन यांनी हार्वर्डमध्ये अल्ब्युमिन वेगळे काढले. ते ६० अंश सेल्सियसला दहा तास तापवता येते, आणि तेवढ्या तापात विषाणू मरतो. म्हणून अल्ब्युमिन त्या काळातही निर्धोक राहिले. रक्त गोठवणारे घटक मात्र उष्णता सोसत नाहीत, असे मानून पुढची चार दशके त्यांना तापवले गेले नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली. त्याकडे पुढे येतो.

पुस्तकाचे मला सर्वांत आवडलेले प्रकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या कामाचे आहे. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियांना तेव्हा बाटल्यांमागून बाटल्या रक्त लागे. हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने, महिनोन् महिने, पुन्हा पुन्हा तपासले आणि नमुने शीतपेटीत जपून ठेवले. १९६०च्या दशकात जवळपास दर तिघांतल्या एकाला हिपॅटायटिस होत असल्याचे दिसले. १९७० साली त्याच संस्थेतून आलेल्या एका अभ्यासाने तर झोप उडवली. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचे रक्त मिळालेल्या हृदयरुग्णांपैकी ५१ टक्क्यांना हिपॅटायटिस झाला होता. स्वेच्छेने दिलेले रक्त मिळालेल्यांत एकालाही नाही. पैशासाठी रक्त विकणारा माणूस आपल्या आजाराबद्दल खरे सांगत नाही, कारण खरे सांगितले तर त्या दिवसाची कमाई बुडते. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने त्याच वर्षी यावर सबंध ग्रंथ लिहिला. संस्थेने विकतचे रक्त बंद केले, हिपॅटायटिस बीची तपासणी जोडली, आणि प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले.

ही तपासणी ज्या शोधामुळे शक्य झाली, त्यात योगायोगाचा वाटा मोठा. बारुख ब्लुमबर्ग यांना काविळीत रस नव्हता. वेगवेगळ्या लोकसमूहांच्या रक्तातले आनुवंशिक फरक ते पाहत होते. पुष्कळ वेळा रक्त घेतलेल्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी जुळली. त्या जुळणाऱ्या पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटले गेले. तो हिपॅटायटिस बी विषाणूचे बाह्य कवच आहे हे काही वर्षांनी उलगडले, आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले. गंमत म्हणजे १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली या रोगाची पहिली लस विषाणूवाहक माणसांच्याच प्लाझ्मापासून, तो शुद्ध करून बनवली होती.

उरलेल्या दहा टक्क्यांचे काय? हिपॅटायटिस बी नाही, एही नाही. १९७५ साली त्याला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे नाव पडले, म्हणजे हा कोण नाही तेवढे कळले होते. नाव नसलेला हा विषाणू त्यानंतर चौदा वर्षे दर हप्त्याला कोणाच्या तरी शरीरात शिरत राहिला. १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली. तेव्हा नवी तपासणी खरी की खोटी, हे ठरवायला ऑल्टर यांनी वर्षानुवर्षे जपलेले नमुने कामी आले. कोणता नमुना रोग्याचा आणि कोणता निरोग्याचा हे न सांगता ते हॉटन यांच्याकडे पाठवले गेले, आणि नवी तपासणी त्या परीक्षेत उतरली. २०२० चे नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना विभागून मिळाले. पुरस्कारांच्या बातम्यांत प्रयोगशाळेतल्या करामतीचेच कौतुक जास्त झाले. शीतपेटीतल्या नमुन्यांवर तारीख-वार चिकटपट्टी लावणाऱ्या तंत्रज्ञांचे कोणी केले नाही.

आयर्लंडची हकिकत पुस्तकात दोन-अडीच पानांत येते. मला ती अधिक हवी होती, म्हणून इथे थोडी सांगतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर आईला अँटी-डी नावाचे इंजेक्शन देतात, आपल्याकडेही देतात. ते माणसाच्या प्लाझ्मापासून बनते. आयर्लंडच्या रक्तसंक्रमण मंडळाने १९७६ मध्ये ज्या एका गरोदर बाईचा प्लाझ्मा यासाठी वापरला, तिला उपचारांच्या दरम्यान कावीळ झाली. हिपॅटायटिस बीची तपासणी निगेटिव्ह आली, आणि प्लाझ्मा वापरात राहिला. त्यातून बनलेली इंजेक्शने धडधाकट, तरुण, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना टोचली गेली. सोळा-सतरा वर्षे कोणाला काही कळले नाही. रक्तदात्यांमध्ये हिपॅटायटिस सीची तपासणी सुरू झाल्यावर कॉर्कच्या डॉ. जोन पॉवर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पॉझिटिव्ह निघणाऱ्यांत आरएच निगेटिव्ह बायकाच फार होत्या. बाकी काही साम्य नव्हते. तेवढ्या धाग्यावरून १९९४ साली सगळे बाहेर आले. बाधित बायकांची संख्या हजारावर गेली. त्यांतल्या ब्रिजिड मॅकोल या डोनेगलच्या बाईंनी सरकारला कोर्टात खेचले आणि १९९६ साली, खटला सुनावणीला येण्याआधीच, त्या वारल्या. पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाच्या अहवालाने मंडळाला दोषी धरले.

याच बायकांच्या पाहणीतून वैद्यकालाही पुष्कळ मिळाले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लागण होऊन सतरा वर्षे उलटलेल्या ३७६ जणींपैकी दोन टक्क्यांचेच यकृत सिऱ्होसिसपर्यंत पोचलेले दिसले. बहुतेकींच्या यकृताला सूज होती, निम्म्या जणींच्या यकृतात व्रणासारखे धागे धरले होते. म्हणजे रोग सावकाश चालतो. रुग्णाला यातून धीर मिळतो आणि उपचाराला वेळही. पण याच सावकाशीमुळे तो कोणाच्या वहीत चढत नाही.

हिमोफिलियाच्या रुग्णांचे प्रकरण सर्वांत काळे आहे. फॅक्टर आठ या औषधी भुकटीच्या एकेका घाण्यात हजारो दात्यांचा प्लाझ्मा असे. अमेरिकेत तो पैसे देऊन, काही वेळा तुरुंगांतूनही, गोळा होई आणि ब्रिटनसह अनेक देशांत विकला जाई. १९८५च्या सुमारास भुकटी तापवून किंवा विद्रावकाने धुऊन विषाणू मारण्याचे तंत्र सर्वत्र रुजेपर्यंत, ती घेतलेला जवळपास प्रत्येक रुग्ण हिपॅटायटिस सीने बाधित झाला होता. अनेकांना एचआयव्हीही झाला. पालकांना सांगितले गेले की हे औषध मुलाला मोकळे आयुष्य देईल. आधीच्या उपचारांपेक्षा ते खरोखरच सोयीचे होते, आणि त्या सोयीमुळेच डॉक्टरांनी धोक्याकडे काणाडोळा केला. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. ब्रिटनमध्ये सुमारे ३०,००० माणसे बाधित झाली, सुमारे ३,००० दगावली, आणि हा अपघात नव्हता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. धोका ठाऊक असूनही तो रुग्णांपासून लपवला गेला. काही कागदपत्रे नष्ट केली गेली, हेही त्यात आहे.

आता आपल्याकडे वळू. १९९० साली केंद्र सरकारने करवून घेतलेल्या पाहणीत देशातल्या १,०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना निघाल्या. रक्त विकणारे धंदेवाईक दाते उघडपणे रांगा लावत. एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १९९८ पासून रक्ताची खरेदी-विक्री बंद झाली. परवाने आणि तपासणी यांची घडी बसली, राज्याराज्यांत रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या. हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची व्हायला मात्र २००१ उजाडले. ती आधी अनेक देशांत सुरू झाली होती. आज कायद्याने प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी होते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि हिवताप.

महाराष्ट्राने ऐच्छिक रक्तदानात चांगले नाव कमावले आहे. गणेशोत्सव, शिवजयंती, नेत्यांचे वाढदिवस, कंपन्यांची शिबिरे यांच्या जोरावर राज्यात रक्त भरपूर जमते. मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावी गेलेले, तेव्हा ते आटते. शिबिरांबद्दल लेखिकेने एक अप्रिय गोष्ट लिहिली आहे, आणि तिच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पिशव्यांच्या आकड्यावर फ्लेक्स लागतात, दात्याला टिफिनचा डबा नाहीतर बॅग मिळते, मागे घोषणा चालू असतात. त्या गडबडीत “कावीळ झाली होती का? टॅटू काढलाय का? हल्ली कुठे इंजेक्शन, सलाइन घेतले होते का?” या प्रश्नांवर ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा होतात. मित्रांसमोर कोण ‘हो’ म्हणणार? आणि रुग्णालयात ‘रक्ताच्या बदल्यात रक्त आणा’ असे सांगितल्यावर पुतण्याने किंवा शेजाऱ्याने दिलेल्या रक्तातही तोच भिडेचा प्रश्न आहे. जावयाने सासऱ्यासाठी रक्त द्यायला नकार दिला, तर तो घरभर गाजतो.

तपासणीच्याही मर्यादा आहेत. लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंतचा जो आंधळा काळ, तो नेहमीच्या एलायझा पद्धतीने हिपॅटायटिस बीसाठी सुमारे एक महिना आणि सीसाठी सुमारे दोन महिने धरतात. विषाणूची जनुके थेट शोधणारी नॅट तपासणी सीच्या बाबतीत तो एखाद्या आठवड्यावर आणते. बीच्या बाबतीत मात्र तिचा फायदा काही दिवसांचाच. शिवाय काही माणसांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचे कवच सापडत नाही, तरी विषाणू दडून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. एवढ्या मोठ्या देशात अशा निसटणाऱ्या पिशव्या थोड्या नसणार.

थॅलेसेमियाच्या मुलांना हा धोका सर्वाधिक. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावेच लागते. दहा वर्षांचे होईपर्यंत दीडशेहून अधिक अनोळखी माणसांचे रक्त त्या अंगात गेलेले असते. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. हा आजार त्या समाजात अधिक आढळतो. या मुलांना हिपॅटायटिस बीची लस देता येते आणि दिलीच पाहिजे. सीला लस नाही.

हिपॅटायटिस ईवर पुस्तकात एकच परिच्छेद आहे, ते मला खटकले. हा विषाणू दूषित पाण्यातून पसरतो, म्हणून रक्ताच्या संदर्भात त्याचा विचार करायची आपल्याला सवय नाही. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी रक्त घेतलेल्या रुग्णांचे नमुने तपासून, हा विषाणू रक्तातूनही जातो याचे पुरावे २००० सालीच मांडले होते. ब्रिटनने २०१७ पासून सगळ्या रक्ताची ईसाठी तपासणी सुरू केली. आपल्या यादीत तो अजून नाही. धडधाकट माणसात तो बहुधा आपोआप बरा होतो; अवयव बदललेल्या किंवा केमोथेरपी चाललेल्या रुग्णात तो ठाण मांडू शकतो, आणि रक्त नेमके यांनाच जास्त लागते.

लेखिकेची मुख्य मागणी आहे नॅट देशभर सक्तीची करण्याची. माझा इथे मतभेद आहे. नॅट यावी, जरूर यावी. ज्या रक्तपेढ्यांत ती आहे तिथे मुलांचे आईबाप जास्तीचे पैसे भरून तेच रक्त मागतात, आणि ते चूक नाही. पण दिवसाला आठ-दहा पिशव्या गोळा करणाऱ्या छोट्या रक्तपेढीत महागडे यंत्र बसवून भागणार नाही. तिथे आजच्या साध्या तपासण्यासुद्धा रोज सारख्या दर्जाने होतात का, हा आधीचा प्रश्न आहे. त्यांची तपासणी जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या मोठ्या केंद्रात एकत्र केली, तर कमी खर्चात जास्त पिशव्या पकडल्या जातील. दुसरे, एखादा नियमित दाता आज पॉझिटिव्ह निघाला, तर त्याच्या मागच्या दानाची पिशवी कोणाला लावली होती हे शोधून त्या रुग्णाला बोलावणे, हे काम आपल्याकडे फार क्वचित होते. डिसेंबर २०१२ पासून देशात रक्तसंक्रमणाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. त्यात सहभाग ऐच्छिक आहे. तिथे पोचणाऱ्या नोंदी बहुधा थंडी-ताप, पुरळ अशा त्याच दिवशी दिसणाऱ्या त्रासांच्या असतात. काविळीसाठी सहा महिन्यांनी पुन्हा फोन कोण करणार?

रक्त मुळात किती लागते, याबद्दल पुस्तकात एक मोकळे, थोडे संतापलेले प्रकरण आहे. ‘एक बाटली चढवा म्हणजे ताकद येईल’ ही समजूत फक्त रुग्णांची नाही. लोहाच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या, तर कितीतरी बायकांना बाळंतपणात पिशवी लागली नसती. तिथे लेखिकेच्या लेखणीला धार चढते. ती बोथट करावी असे मला वाटले नाही.

ज्यांना २००१ च्या आधी कधी रक्त, प्लाझ्मा किंवा अँटी-डी मिळाले असेल, त्यांनी पुस्तकाचे परिशिष्ट आधी उघडावे. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंड तपासणी स्वस्त असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आजही अंगात आहे असे नव्हे. त्यासाठी आरएनएची दुसरी तपासणी लागते. ती पॉझिटिव्ह आली, तर राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. हिपॅटायटिस बी असा पुसला जात नाही, पण गोळ्यांनी दाबून ठेवता येतो. कार्यक्रमाच्या केंद्रात जाताना जुने डिस्चार्ज कार्ड सापडले तर बरोबर न्यावे. नाही सापडले, तरी जावे.